नाताळची फेरी आणि हरवलेलं कडवं

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी नऊ वर्षांची नात माळ्यावरून काढलेल्या प्लॅस्टिकच्या झाडाला लाल-सोनेरी गोळे अडकवत होती आणि मी शेजारी बसून गोळ्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. एकदम तिनं विचारलं, ‘‘आजी, तू लहान असताना सांता तुला काय द्यायचा गं?’’

मी म्हटलं, ‘‘आमच्याकडे सांता यायचाच नाही.’’

तिला माझी फार कीव आली. ‘‘मग तुमचा नाताळ तरी कसला?’’ असं म्हणून ती पुन्हा गोळे लावायला लागली. मी मात्र हातातला दोरा तसाच धरून बसून राहिले. तिचं काय चुकलं? आमचा नाताळ कसा होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. तिच्या बापालाही मी ते सांगितलं नव्हतं.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडात नगरच बसलं आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर होते. गावात आमच्या समाजाची तीसेक घरं आणि एक छोटं कौलारू देऊळ. हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. डिसेंबर उजाडला की उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज रात्रभर ऐकू यायचा, हुरड्याचे दिवस जवळ यायचे आणि आई पत्र्याच्या पसरट डब्यात माती घालून गहू पेरायची. नवरात्रात घटापाशी धान्य पेरतात ना, अगदी तसे. दहा-बारा दिवसांत हिरवेगार अंकुर वीतभर वर यायचे. नाताळच्या आदल्या दिवशी तो डबा गव्हाणीच्या देखाव्यात ठेवायचा. बेथलेहेमचं कुरण आमच्याकडे असं नगरच्या मातीतच उगवत असे.

दुसरं काम चांदणीचं. ती विकत आणायची असते हे मला लग्नानंतर पुण्यात समजलं. अण्णा बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या तासून घेत. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या बांधायच्या. मग दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं सुतळीनं आवळायची. आता खरी गंमत. आतल्या पाच खाचांत, दोन चांदण्यांच्या मधे, टीचभर लांबीच्या पाच काड्या ताणून बसवायच्या. सपाट सांगाडा लगेच फुगून उभा राहायचा. त्यावर खळीनं पतंगी कागद चिकटवायचा आणि आत दिवा ठेवण्यापुरती एक बाजू उघडी ठेवायची. काड्या बसवण्याचं काम माझं असे, कारण माझी बोटं लहान होती. मी सहा वर्षांची असेन. त्या पाच काड्यांमुळे चांदणी उभी राहते आणि त्या काड्या मी बसवल्या आहेत, याचा केवढा अभिमान वाटायचा!

आणि तिसरी गोष्ट म्हणजे फेरी. नाताळच्या आधीच्या चार-पाच रात्री मंडळी गाणी म्हणत घरोघर जात. पुढे गॅसबत्ती, मागे गळ्यात पेटी अडकवलेले अण्णा, ढोलकी, टाळ, खंजिरी आणि कानाला मफलर गुंडाळलेली आम्ही पोरं. फक्त आमच्याच घरांपुढे नव्हे, सगळ्या गावातून फेरी जायची. कुठे गुळाचा चहा, कुठे मूठभर शेंगदाणे, कुठे ताटलीत चार आणे. त्या पैशांतून पंचवीस तारखेला देवळात प्रीतिभोजन होई. पंगतीला सगळे एका ओळीत.

फेरीतलं मुख्य गाणं अण्णांनीच रचलेलं होतं. चाल जात्यावरच्या ओवीसारखी, कडवी पाच. मरिया आणि योसेफ आमच्याच गावात येतात आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी दारं ठोठावतात, अशी कल्पना. एकेका कडव्यात एकेक दार. पाचव्या कडव्यात गोठ्याचं दार उघडतं. ज्याचं दार गाण्यात बंद असायचं, तोही ऐकताना हसायचा आणि चहा दिल्याशिवाय सोडायचा नाही.

आमच्या ताटातही परदेशी असं काही नसे. करंज्या, शेव, शंकरपाळी, रव्याचे लाडू. दिवाळीला शेजारच्या घरांतून आमच्याकडे फराळ यायचा, नाताळला आमच्या घरून त्यांच्याकडे जायचा. रिकामं ताट परत द्यायचं नाही, म्हणून त्यात साखरेची चिमूट यायची.

आता वाटतं, आमचा नाताळ असा कसा घडला? ‘नाताळ’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पोर्तुगीजांचा ‘नाताल’ झाला आणि त्यावरून आपला नाताळ. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक होता. गोव्यात तर तो १९६१ पर्यंत टिकला. तिथल्या कॅथलिक घरांत नाताळची परंपरा कित्येक पिढ्यांची आहे. गोव्याच्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि कुलकुल. ते ताट शेजाऱ्यांकडे पाठवण्याच्या रिवाजाला तिथे ‘कोन्सुआद’ म्हणतात. चवथीला हिंदू घरातून आलेल्या नेवऱ्यांची ती जणू परतफेडच. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत आंबवलेल्या पिठाचे फुगे तळतात आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात.

नगरची गोष्ट वेगळी. इकडे ख्रिस्ती धर्म आणला तो मुख्यतः अमेरिकन मराठी मिशननं. हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. ते ज्या न्यू इंग्लंड भागातून आले, तिथल्या जुन्या प्युरिटन मंडळींना नाताळ साजरा करणंच पसंत नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता. तो १६८१ मध्ये रद्द झाला, पण तिथे नाताळची सरकारी सुट्टी सुरू व्हायला १८५६ साल उजाडावं लागलं. म्हणजे ज्यांच्याकडून आमच्या पूर्वजांनी बायबल घेतलं, त्यांच्यापाशी नाताळच्या सणाचं सामान फारसं नव्हतंच. ते सामान आमच्या लोकांनी आपल्या घरातूनच काढलं. दिवाळीतून फराळ आला, नवरात्रातून पेरलेलं धान्य आलं आणि भजनातून टाळ आणि पेटी आली.

या गोष्टीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला दीर्घकाळ राहिले आणि ख्रिस्ताचं नाव त्यांनी अभंगात आणि कीर्तनात आणलं. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे लिहीत नेलं लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरं गिरवायला शिकलेल्या बाईनं नवऱ्याचं अर्धं राहिलेलं महाकाव्य हाती घेतलं! एकाच्या हातातलं काम दुसऱ्यानं उचललं नाही, तर ते तिथंच थांबतं. परंपरा म्हणतात ती हीच.

जगभरच्या नाताळचंही असंच आहे. आपल्याला वाटतं, हे सगळं दोन हजार वर्षांपासून चालत आलं असेल. तसं नाही. गव्हाणीचा देखावा १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी उभा केला, तेव्हापासून तो रूढ होत गेला. त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं, कारण लॅटिन न समजणाऱ्या साध्या माणसांना ती गोष्ट डोळ्यांनी दिसावी. नाताळचं झाड मूळ जर्मन प्रांतांतलं. राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स आल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापलं गेलं आणि घरोघरी झाड आलं. छापील भेटकार्ड १८४३ चं. ‘सायलेंट नाइट’ हे गीत १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावात प्रथम गायिलं गेलं, तेही गिटारच्या साथीनं. प्रत्येक परंपरा कधीतरी कुणाच्या तरी घरात किंवा गावात नवीनच होती. पुढच्या पिढीनं ती उचलली, म्हणून ती जुनी झाली.

मग आमची का नाही उचलली गेली? इथे मला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

१९७८ साली लग्न होऊन मी पुण्यात आले. आमचे शेजारी, यजमानांच्या कचेरीतले लोक, सगळ्यांकडे नाताळ म्हणजे केक, झाड आणि इंग्रजी गाणी. पहिल्याच वर्षी आईनं गावाहून करंज्यांचा डबा पाठवला होता. एका पाहुण्या बाईंनी हसून विचारलं, ‘‘अय्या, तुमच्या नाताळला दिवाळीचा फराळ?’’ त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी मी बेकरीतून केक आणला आणि आईला कळवलं की डबा पाठवू नकोस, इथे सगळं मिळतं. मुलं झाली, शाळेत जाऊ लागली, त्यांनी शाळेतली गाणी घरी आणली. अण्णा एकदा नाताळला आमच्याकडे आले होते. पेटी नव्हती, तर त्यांनी टेबलावर ठेका धरून आपलं गाणं म्हणायला सुरुवात केली. मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मी मुलांना रागावले नाही. उलट म्हटलं, ‘‘अण्णा, पाहुणे येतायत, नंतर म्हणू या.’’ ते थांबले. नंतर काही म्हटलं नाही. १९९४ साली अण्णा गेले.

आई २००९ मध्ये गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा करंजीचं प्रमाण विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘प्रमाण कसलं? पीठ हाताला सांगतं.’’ मोहन किती कडकडीत, पारी किती पातळ, खोबरं कितपत भाजायचं, हे सगळं तिच्या बोटांत होतं. शेजारी बसून दोन वर्षं लाटलं असतं तर ते माझ्या बोटांत आलं असतं.

आणि गाणं? नातीनं तो प्रश्न विचारला त्या रात्री मी वही घेऊन बसले. पहिलं कडवं आलं. दुसरं आलं. तिसरं अडखळत आलं. पाचवं आलं. चौथं आलं नाही. त्यात कुणाचं दार होतं, तेही आठवेना. तिथे लोक सगळ्यात जास्त हसायचे, एवढंच आठवलं. ते हसू कानात होतं आणि शब्द नव्हते. भावाला फोन केला, त्याला तर तीनच कडवी येत होती. गाणं कधी कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. अण्णांना पाठ होतं, मग लिहायची गरज काय?

घरातल्या गोष्टी मुलांना सांगितल्यानं काय होतं, याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस साध्या प्रश्नांची एक यादी केली. तुझे आजी-आजोबा कुठे वाढले, ठाऊक आहे? आईबाबांची भेट कशी झाली? तुझा जन्म झाला तेव्हाची हकीकत माहीत आहे? घरावर एखादं मोठं संकट आलं होतं का? ज्या मुलांना अशा प्रश्नांची जास्त उत्तरं येत होती, त्यांच्यात आत्मविश्वास अधिक दिसला, आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही भावनाही अधिक दिसली. पण या संशोधकांनी एक गोष्ट बजावून सांगितली. ही माहिती पाठांतरासारखी घोकून घेण्यात अर्थ नाही. उत्तरं मुलांना ठाऊक असतात, कारण त्या घरात जेवताना, प्रवासात, सणाच्या तयारीत मोठी माणसं मुलांशी बोलत असतात. गुण त्या बोलण्याचा आहे.

माझा शिक्षिकेचा अनुभवही हेच सांगतो. मुलाला ‘आपली परंपरा जप’ असं सांगून काही होत नाही. त्याच्या हाताला काम द्यावं लागतं आणि ते काम खरं असावं लागतं, म्हणजे ते झालं नाही तर सण अडेल असं. माझ्या पाच काड्या तशा होत्या. दुसरं म्हणजे, दरवर्षी तीच गोष्ट त्याच क्रमानं व्हावी लागते. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. ‘आता यानंतर काय?’ याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, यातच त्यांचा आनंद असतो. तिसरं, सगळं जुनं टिकवण्याचा हट्ट धरू नये. दहा गोष्टी ओढत नेण्यापेक्षा दोनच मनापासून कराव्यात. आणि चौथं, मुलं हसली तर थांबू नये. हसत हसतच ती ऐकत असतात. हे मला अण्णांना थांबवताना कळायला हवं होतं.

त्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी नातीला आणि मुलाला घेऊन गावी गेले. अण्णांबरोबर फेरीत ढोलकी वाजवणारे काका अजून आहेत. पंच्याऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं. गाणं म्हटलं तर चेहऱ्यावर काहीच नाही. शेवटी मुलानं त्यांच्या मांडीवर ढोलकी ठेवली. हात आपोआप चालू लागले. पहिली तीन कडवी ते ठेक्यात पुटपुटले. तिसऱ्यातला माझा चुकलेला शब्दही त्यांनी दुरुस्त केला. चौथ्याशी आले आणि ओठ थांबले, हात मात्र चालूच राहिले. पूर्ण कडव्याएवढा ठेका वाजवून ते बरोबर पाचव्यावर आले. मुलानं ते सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. मोटारीत परत येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आई, अण्णा त्या दिवशी टेबलावर वाजवत होते, ते हेच का?’’ त्यालाही ते आठवत होतं.

त्या नाताळला आम्ही घरी चांदणी बांधली. बांबूच्या कामट्या बुरूड आळीतून आणल्या. आतल्या पाच काड्या नातीनं बसवल्या. दोनदा सांगाडा मोडला, तिसऱ्यांदा उभा राहिला. प्लॅस्टिकचं झाडही होतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. उशीर झाल्यानं गव्हाचे अंकुर बोटभरच आले. करंज्या मी केल्या, निम्म्या तेलात फुटल्या. आईचं पीठ माझ्या हाताला अजून पुरतं सांगत नाही. पण नात कातणं फिरवायला शेजारी बसली होती, आणि तिचं वय हात तयार होण्याचं आहे.

रात्री जेवणानंतर आम्ही अण्णांचं गाणं म्हटलं. तीन कडवी झाली. चौथ्याच्या जागी काय करायचं हे आधी ठरलं नव्हतं. नातीनं मोबाइलवर काकांचा ठेका इतक्यांदा ऐकला होता, की तिनं सरळ टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी कडवंभर टाळ्या वाजवल्या आणि पाचवं कडवं म्हणून गोठ्याचं दार उघडलं. तिला आता तेच बरोबर वाटतं. पुढे तिच्या मुलांनाही ती बहुधा सांगेल, की आमच्या घरच्या गाण्यात चौथ्या कडव्याला नुसत्या टाळ्या असतात. ते का, हे मी तिला सांगितलं आहे, आणि वहीत लिहूनही ठेवलं आहे.

तुमच्या घरी सण कोणताही असो, नाताळ, दिवाळी, ईद किंवा गावची जत्रा. घरात एखादं वडीलधारं माणूस असेलच. त्याच्या तोंडात एखादं गाणं असेल, बोटांत एखादा पदार्थ असेल. आजच त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा, लिहून घ्या, आणि लहान मुलाला शेजारी बसवायला विसरू नका. ‘नंतर म्हणू या’ असं मात्र म्हणू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)